‘डेड सेट’ आणि चार एमबीची चिप

प्रस्तावना

पडद्यावर काळोख आणि बॉक्सच्या तोंडावर ‘बूट’. कधी ‘लोड’, कधी चार आडव्या रेघा, कधी नुसताच लाल दिवा. रिमोट दाबा, बॉक्सवरचे बटण दाबा, प्लग काढून पुन्हा लावा, तो ढिम्म. अशा बॉक्सला आमच्याकडे ‘डेड सेट’ म्हणतात. दुकानात आणणारा माणूस तो टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, “चालूच होईना बगा, काल रात्रीपर्यंत बरा होता.” पण आणणारे थोडेच. नवा बॉक्स हजार-दीड हजारात मिळतो, त्यामुळे बहुतेक घरांत जुना बॉक्स चार्जरच्या गुंत्यात पडून राहतो आणि एखाद्या दिवाळीला भंगारवाल्याच्या गाडीवर जातो.

यातल्या बऱ्याच बॉक्सांना काहीही झालेले नसते. ट्यूनर ठीक असतो, प्रोसेसर ठीक असतो, वीजपुरवठाही ठीक असतो. बिघडलेले असते ते आठ पायांच्या एका चिपमधले लिखाण. ते पुसून पुन्हा नीट लिहिले की बॉक्स उठतो. बाजारात या कामाला ‘सॉफ्टवेअर मारणे’ म्हणतात आणि ते मारल्यासारखेच केले जाते: कुठूनतरी मिळालेली फाईल, हाताला लागलेली केबल, आणि बघू काय होते ते. अशा घाईत बरे होण्याजोगे बॉक्सही कायमचे जातात. म्हणून या पुस्तिकेत लिहिण्यापेक्षा वाचण्यावर जास्त पाने खर्च केली आहेत. बॉक्स काय सांगतो ते आधी वाचायचे, चिपमध्ये काय होते ते वाचून जपून ठेवायचे, आणि मगच तिथे काही लिहायचे. हा क्रम ज्याने पाळला त्याला बाकीचे सगळे महिन्याभरात जमते.

फर्मवेअर म्हणजे काय, हे सोलापुरात समजावून सांगणे सोपे आहे. जेकार्डच्या मागावर चादर विणली जाते तेव्हा नक्षी भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेत असते. माग तोच, सूत तेच. माळ बदलली की मोराच्या जागी फुले येतात. एखादा पुठ्ठा फाटला तर मागाला त्याचा पत्ता नसतो, तो विणत राहतो आणि कापडावर भलतेच काही उमटते. बॉक्समधली फ्लॅश चिप ही ती माळ. फरक इतकाच की बॉक्सचा पहिला पुठ्ठा फाटला तर हा माग सुरूच होत नाही.

स्वस्त बॉक्सांत बहुधा ‘२५क्यू३२’ असा आकडा लिहिलेली चिप सापडते. कंपनी विनबाँड असेल, गीगाडिव्हाइस असेल, मॅक्रोनिक्सची असली तर आकडा थोडा वेगळा दिसेल. क्षमता ३२ मेगाबिट, म्हणजे ४ एमबी. मोबाईलवर काढलेला एखादा फोटोही यापेक्षा मोठा असतो. एवढ्याशा जागेत सगळे बसवलेले असते: सुरुवातीला बूटलोडर, मग मुख्य प्रोग्रॅम, सुरू होताना दिसणारे चित्र, अक्षरे, कारखान्यातून आलेली वाहिन्यांची यादी, आणि शेवटी तुम्ही स्वतः केलेली ट्यूनिंग, आवाजाची पातळी, मुलांसाठी लावलेले कुलूप. बूटलोडरचे काम लहान आणि निर्णायक. वीज आली की तो जागा होतो, मुख्य प्रोग्रॅम धड आहे का ते तपासतो आणि कारभार त्याच्या हाती देतो. मुख्य प्रोग्रॅम नासला पण बूटलोडर शाबूत असला तर बॉक्स केबलवरून नवी फाईल मागून घेऊ शकतो. बूटलोडरच पुसला गेला तर बहुधा चिपला बाहेरून हात घालावा लागतो. दुरुस्तीचा निम्मा रस्ता या एका प्रश्नावर ठरतो, आणि बाजारात नेमका तोच विचारला जात नाही.

उपग्रहावरचा टीव्ही आमच्या शेजाऱ्यांकडे आमच्या कितीतरी आधी आला होता. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात इस्रो आणि नासा यांनी मिळून ‘साइट’ नावाचा प्रयोग केला. एटीएस-६ या अमेरिकी उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत कार्यक्रम थेट उतरवले. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता, पण कर्नाटकातले विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर हे जिल्हे होते. जुळे सोलापूर ज्या विजापूर रस्त्याच्या कडेने पसरले, तोच रस्ता धरून शंभरेक किलोमीटर गेले की त्या जिल्ह्याचे ठिकाण येते. तिकडच्या खेड्यांत लोक कोंबड्यांच्या जाळीपासून केलेल्या दहा फुटी छत्रीखाली बसून शेतीचे आणि आरोग्याचे कार्यक्रम पाहत होते, तेव्हा सोलापूरसारखे गिरणगाव त्या छत्रीबाहेर होते. सरकारी नकाशे हे असेच असतात.

त्या गावांतले संच हैदराबादच्या ईसीआयएलने बनवले होते. ते बिघडत, धूळ खात, आणि दुरुस्त करणारा माणूस जीपमधून येई. त्याला मीटर वाचता आला आणि डाग नीट देता आला की काम होई, कारण बिघाड एक तर डोळ्यांना दिसे किंवा मीटरला. नव्वदच्या दशकात केबलवाल्यांनी मोठमोठ्या छत्र्या उभारल्या तेव्हाही फारसे वेगळे नव्हते. बिघाड लिखाणात असू शकतो ही गोष्ट घराघरांत पोचली ती डिजिटल बॉक्सबरोबर. डिश टीव्ही २००३ मध्ये आला. १६ डिसेंबर २००४ ला दूरदर्शनने ३३ वाहिन्यांची डीडी डायरेक्ट प्लस ही फुकट सेवा सुरू केली. २०१४ पासून तिचे नाव फ्री डिश आहे. मग केबलची पाळी आली. केबल डिजिटल करण्याच्या दुसऱ्या टप्प्यात देशातली ३८ शहरे होती, त्यांत सोलापूर होते, आणि मुदत होती ३१ मार्च २०१३. त्यानंतर या शहरात बॉक्सशिवाय केबल उरली नाही. पुढे २०२२ पर्यंत प्रसारभारतीने जमिनीवरची जवळजवळ सगळी जुनी ॲनालॉग प्रक्षेपण केंद्रे टप्प्याटप्प्याने बंद केली आणि गच्चीवरचा माशाच्या काट्यासारखा अँटेना कायमचा निवृत्त झाला.

फ्री डिशचे प्रस्थ समजायला मुंबई-पुण्यापेक्षा सोलापूर चांगले. यंत्रमागावर काम करणारा, विडी वळणारी, रोजंदारीवर गवंडीकाम करणारा, यांच्या घरात दरमहा रिचार्ज हा मोठा प्रश्न असतो. शिवाय एकाच गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी. दूरदर्शनच्या सह्याद्री आणि चंदना या वाहिन्या एकाच छत्रीत, महिन्याला एक पैसा न देता, ही सोय इथे कुणाला समजावून सांगावी लागत नाही. देशभरात चार कोटींहून जास्त घरांत ही सेवा पोचल्याचे सरकारच सांगते. त्यातला प्रत्येक बॉक्स म्हणजे एक ४ किंवा ८ एमबीची चिप, आणि त्यातला एकही बॉक्स कंपनीच्या सेवा केंद्रात जाण्याइतका महाग नाही. हे सगळे काम कोपऱ्यावरच्या दुकानाच्या वाट्याला येते, आणि ही पुस्तिका मुख्यतः त्याच कामाची आहे.

लिखाण नासते कसे? सगळ्यांत मोठे कारण वीज. फ्लॅश चिपमध्ये एखादा बाइट बदलायचा तरी निदान ४ केबीचा पूर्ण तुकडा आधी पुसावा लागतो आणि मग लिहावा लागतो. पुसणे झाले, लिहिणे बाकी आहे, आणि लाईट गेली, तर तो तुकडा कोरा राहतो. अशी कोरी जागा संगणकावर उघडली की ओळीने ‘एफएफ एफएफ एफएफ’ दिसते. ते एकदा पाहिले की विसरत नाही. पेनड्राइव्हवरून अपग्रेड चालू असताना हे घडले तर बॉक्स बसतो. केबलवरून ४ एमबीची फाईल चढवायला किती वेळ लागतो ते कागदावर मांडून पाहावे: सेकंदाला १,१५,२०० बिट, एका बाइटमागे सुरुवातीचा आणि शेवटचा धरून १० बिट, म्हणजे सेकंदाला ११,५२० बाइट, म्हणजे पूर्ण चिपला सहा मिनिटांहून थोडे जास्त. ही सहा मिनिटे महावितरणच्या भरवशावर सोडू नयेत. मोटारसायकलची जुनी पण धड बारा व्होल्टची बॅटरी टेबलाखाली ठेवली तर बारा व्होल्टवर चालणारा बॉक्स अपग्रेडपुरता तिच्यावर चालतो.

दुसरे कारण चुकीची फाईल. बाहेरून सारखे दिसणारे, एकाच नावाचे, एकाच खोक्यातून आलेले दोन बॉक्स आतून वेगळे असू शकतात. कारखाना त्या महिन्यात जो ट्यूनर स्वस्त मिळाला तो लावतो. फाईल मात्र बोर्डाची असते, नावाची नसते. म्हणून बॉक्स उघडून बोर्डावर छापलेला क्रमांक आणि तारीख वाचल्याशिवाय फाईल शोधायला बसू नये. चुकीची फाईल ओळखण्याच्याही खुणा आहेत. चित्र येते पण सिग्नलची पट्टी शून्यावर, म्हणजे ट्यूनर वेगळा असण्याचा संशय. सगळे चालते पण रिमोट चालत नाही, म्हणजे रिमोटचा कोड वेगळा. तोंडावरचे आकडे उलटसुलट, म्हणजे पुढच्या पट्टीची जोडणी वेगळी. या तिन्ही गोष्टी घडल्या तरी बॉक्स मेलेला नाही. त्याच्या अंगावर दुसऱ्याचा सदरा चढवला आहे, इतकेच.

तिसरे कारण फर्मवेअरचे नाहीच, पण त्याच वेशात येते. सोलापूरचा उन्हाळा ४२-४३ अंशांना सहज टेकतो. बॉक्स टीव्हीच्या वर किंवा बंद कपाटात, त्यावर लेसचा रुमाल, रुमालावर फुलदाणी. आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेने सुकतात. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य निम्मे होते. मग त्यांची डोकी फुगतात, व्होल्टेज डळमळते, आणि प्रोसेसर प्रोग्रॅम वाचता वाचता अडखळून पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. बाहेरून दिसते काय? ‘बूट’, पुन्हा ‘बूट’, पुन्हा ‘बूट’. अशा बॉक्सला कितीही फायली मारल्या तरी तो उठत नाही, आणि लिहिता लिहिता व्होल्टेज पडले तर धड असलेली चिपही नासते. काही रुपयांचा कपॅसिटर बदलून उठणारे बॉक्स ‘सॉफ्टवेअर गेले’ म्हणून फेकले जातात, याची चीड पुस्तिकेत अधूनमधून डोकावेल. ती मी काढून टाकलेली नाही.

म्हणून पहिले काम मीटरचे. अडॉप्टर मोकळा मोजला तर १२ व्होल्ट दाखवतो आणि बॉक्स जोडताच ८-९ वर येतो. मोजायचे ते जोडलेले असताना. बोर्डावर ३.३ व्होल्ट आहेत का, मेमरीचे १.५ किंवा १.८ आहेत का, प्रोसेसरच्या गाभ्याचे एकच्या थोडे वर आहेत का, हे पाहायचे. छत्रीची वायर काढून पाहायची, कारण गच्चीवरचा एलएनबी शॉर्ट असला तर त्याला जाणारे १३ किंवा १८ व्होल्ट सगळ्या बॉक्सला खाली ओढतात. जुन्या बॉक्सांत वीजपुरवठा आतच असतो. तिथे मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास डीसी साठतो आणि प्लग काढल्यावरही काही काळ टिकतो. आयटीआयच्या मुलांना हे माहीत असते. व्हिडिओ पाहून शिकणाऱ्यांना बऱ्याचदा नसते, कारण व्हिडिओत तो भाग कापलेला असतो.

सिग्नल नाही म्हणून बॉक्स आणणाऱ्यांना आधी गच्चीवर पाठवावे. फ्री डिश सध्या जीसॅट-१५ वर आहे, पूर्व रेखांश ९३.५ अंश; हा उपग्रह नोव्हेंबर २०१५ मध्ये फ्रेंच गयानातल्या कुरूहून गेला. सोलापुरातून तो आग्नेयेला, उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने सुमारे १३४ अंशांवर आणि क्षितिजापासून ६१ अंश उंच दिसतो. आपली छोटी छत्री ऑफसेट प्रकारची असल्याने ती एवढे वर पाहते असे वाटत नाही, बरीच उभी दिसते, आणि नवखा माणूस ती ‘नीट’ करायला जाऊन आकाशाकडे तोंड करून ठेवतो. आसरा चौकापासून सैफुलपर्यंत नवीन मजले चढत आहेत; काल मोकळी असलेली आग्नेय दिशा आज शेजाऱ्याच्या पाण्याच्या टाकीने अडते. यात बॉक्सचा काय दोष?

आणखी एक घोळ एप्रिलमध्ये होतो. फ्री डिशवरच्या जागांचा लिलाव होतो, वाहिन्या येतात-जातात, आणि बहुतेक मोठे फेरबदल १ एप्रिलपासून लागू होतात. १ मार्च २०१९ ला तर मोठ्या कंपन्यांनी आपल्या हिंदी मनोरंजन वाहिन्या एकदम काढून घेतल्या होत्या. त्या परत यायला २०२० चा जून उजाडला. अशा वेळी लोक बॉक्स घेऊन दुकानात येतात आणि काही दुकानदार ‘सॉफ्टवेअर मारावे लागेल’ म्हणून पैसे घेतात. तिथे फक्त पुन्हा ट्यून करायचे असते. आणि जुना एमपीईजी-२ चा बॉक्स एमपीईजी-४ वाहिन्या दाखवत नाही तो कोणतीही फाईल मारली तरी दाखवणार नाही, कारण ते चित्र उलगडणारी यंत्रणा प्रोसेसरच्या सिलिकॉनमध्येच नाही. फर्मवेअरने जे नाही ते निर्माण होत नाही. गिऱ्हाइकाला हे सांगणारा दुकानदार त्या दिवशी पैसे गमावतो, पण त्याच्याकडे माणसे पुन्हा येतात.

वीज ठीक, छत्री ठीक, तरीही बॉक्स बसलेला, अशा वेळी तो बोलतो का ते ऐकायचे. बहुतेक बोर्डांवर चार भोकांची एक ओळ असते: जमीन, आरएक्स, टीएक्स आणि ३.३ व्होल्ट. शंभर-दीडशे रुपयांचे यूएसबी-टीटीएल मॉड्यूल घेऊन जमीन, आरएक्स आणि टीएक्स या तीन तारा जोडल्या की सुरू होताना बॉक्स काय पुटपुटतो ते संगणकावर उमटते. मागच्या बाजूला नऊ पिनांचे जुने सॉकेट असेल तर त्याचे व्होल्टेज वेगळे असते. ते थेट या मॉड्यूलला जोडले तर मॉड्यूल जाते, कधी बॉक्सही. ऐकू येणाऱ्या गोष्टी तीनच प्रकारच्या. काहीच उमटत नाही, म्हणजे बूटलोडर गेला किंवा प्रोसेसरला वीज नाही. कचरा उमटतो, म्हणजे वेग चुकीचा निवडला. अक्षरे नीट येतात आणि एका ओळीवर थांबतात, म्हणजे ती ओळच तुम्हाला बिघाड कुठे आहे ते सांगते आहे. या तिसऱ्या प्रकारावर एक पूर्ण प्रकरण दिले आहे. माझ्या मते पुस्तिकेतले ते सर्वांत उपयोगी प्रकरण आहे, आणि वाचक ते ओलांडून पुढे जातील याची मला खात्री आहे.

चिपला बाहेरून हात घालायचा तर प्रोग्रॅमर लागतो. सीएच३४१ए हा काळा, अंगठ्याएवढा प्रोग्रॅमर काही शे रुपयांत मिळतो आणि तो वाईट नाही, पण त्याच्या प्रचलित काळ्या आवृत्तीत एक खोड आहे. चिपला वीज ३.३ व्होल्ट देतो, संकेताच्या तारांवर मात्र ५ व्होल्ट सोडतो. चिप तेवढ्यासाठी बनवलेली नसते. बऱ्याच चिपा हे सोसतात. त्यावर विसंबून राहू नये. ही खोड घालवण्याची जोडणी आकृतीसह दिली आहे. दुसरी गोष्ट चिमट्याची. चिप बोर्डावर असतानाच वरून चिमटा लावला तर प्रोग्रॅमरची वीज प्रोसेसरपर्यंतही जाते, तो अर्धवट जागा होतो आणि त्याच तारांवर स्वतःचे बोलणे सुरू करतो. मग वाचन दरवेळी वेगळे येते. अशा वेळी चिप गरम हवेने उतरवून वाचणेच शहाणपणाचे.

वाचन किमान दोनदा करायचे आणि दोन्ही फायली तंतोतंत जुळतात का ते संगणकाकडून तपासून घ्यायचे. जुळल्या नाहीत तर पुढे जायचे नाही. चिपने स्वतःची ओळख म्हणून सांगितलेला कोडही पाहायचा. विनबाँडच्या ४ एमबी चिपचा ‘ईएफ ४० १६’, गीगाडिव्हाइसच्या तेवढ्याच चिपचा ‘सी८ ४० १६’. ‘एफएफ एफएफ एफएफ’ किंवा सगळी शून्ये आली तर चिमटा नीट बसलेला नाही, मग सॉफ्टवेअर काहीही म्हणो. बसलेल्या बॉक्सच्या चिपमधून नीट वाचलेली नासकी फाईलही टाकून द्यायची नाही, कारण कारखान्याने त्या एकाच बॉक्ससाठी लिहिलेला क्रमांक आणि काही खुणा तिच्यात असतात. दुसऱ्या बॉक्सची फाईल घालताना त्या परत जागेवर ठेवाव्या लागतात.

निरोगी फाईल कुठून आणायची, हा खरा अवघड प्रश्न. स्वस्त बॉक्सांचे बनवणारे फायली प्रसिद्ध करत नाहीत, विकणारे तर बॉक्स कोणी बनवला हेच जाणत नाहीत. त्यामुळे फायली दुकानदारांच्या आपसातल्या देवाणघेवाणीतून फिरतात, नावे बदलतात, मधल्या कुणीतरी सुरुवातीच्या चित्रावर स्वतःचा मोबाईल नंबर छापलेला असतो. अशा फाईलचा वंश कळत नाही. माझा सल्ला साधा आणि कंटाळवाणा आहे: चालू बॉक्स दुसऱ्या कशासाठीही टेबलावर आला, रिमोट बदलायला किंवा एचडीएमआयचे सॉकेट बसवायला, तर मालकाला विचारून त्याची चिप वाचून ठेवावी. फाईलच्या नावात बोर्डाचा क्रमांक, ट्यूनर, चिपचा आकार आणि तारीख घालावी. सोलापुरातल्या पाच-सहा दुकानांनी एवढे जरी केले तरी शहरात विकल्या जाणाऱ्या बॉक्सांचा मोठा भाग एका पेनड्राइव्हवर मावेल. नवी पेठेतला आणि जुळे सोलापुरातला दुकानदार एकमेकांना फाईल देतील का, हा तंत्राबाहेरचा विषय.

पैसे भरून पाहायच्या डीटीएच बॉक्सांचे काय? तिथे ही पुस्तिका थांबते. त्यांच्या प्रोसेसरमध्ये कारखान्यातच न पुसता येणारी किल्ली कोरलेली असते. फर्मवेअरवर कंपनीची डिजिटल सही नसेल तर बूटलोडर ते चालवायलाच नकार देतो, आणि वाहिन्यांचे कुलूप उघडणारी माहिती त्या एका बॉक्सशी बांधलेली असते. चिप उतरवून दुसऱ्याची फाईल चढवली तर बहुधा पूर्वीपेक्षा वाईट अवस्था होते. त्यांचे अपग्रेड उपग्रहावरूनच उतरते. पडद्यावर ‘बॉक्स बंद करू नका’ असे आले असताना बंद न करणे, हीच तिथे आपल्या हातातली दुरुस्ती.

तिथे थांबण्याचे दुसरे कारण कायद्याचे. फुकटात सशुल्क वाहिन्या दाखवणाऱ्या फायली बाजारात फिरतात आणि ‘सॉफ्टवेअर मारून देतो’ या शब्दांआड बऱ्याचदा तेच विकले जाते. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५ए आले. हक्कभंगाच्या हेतूने असे तांत्रिक कुलूप फोडणे हा त्याखाली गुन्हा आहे. पण मला त्याहून जास्त टोचते ते हे की या धंद्याने प्रामाणिक दुरुस्तीचे नाव घालवले. चिप वाचणारा म्हणजे चोर, अशी समजूत झाली की शिकणारी मुलेही बिचकतात. या पुस्तिकेतले प्रत्येक उदाहरण फुकट वाहिन्यांच्या, कुलूप नसलेल्या बॉक्सचे आहे. त्यामुळे काही वाचकांची निराशा होईल. झाली तर होऊ द्या.

कुलपाची दुसरी बाजूही लिहून ठेवली पाहिजे. कंपनी बदलली की धडधाकट बॉक्स निरुपयोगी होतो. तो कोणत्याही कंपनीला चालावा अशी शिफारस ट्रायने २०२० मध्ये केली होती. ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्याचे पोर्टलही उघडले. फोन, गाड्या, शेतीची अवजारे यांची चर्चा तिथे जोरात झाली. टीव्हीखालच्या खोक्याचा प्रश्न मात्र कुणाच्या तोंडी नसतो, कदाचित तो फार स्वस्त आहे म्हणून. स्वस्त वस्तूच सर्वांत जास्त फेकल्या जातात, हे भंगारवाल्याला विचारले तरी कळेल.

युरोपात ही गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. जर्मनीतल्या ड्रीम मल्टिमीडियाने लिनक्सवर चालणारे ड्रीमबॉक्स काढले. त्यांची फर्मवेअर लोकांनी स्वतः बदलली, सुधारली, ओपनपीएलआयसारखे गट उभे राहिले, आणि बॉक्स बसला तर तो उठवायचा कसा हे मालकालाच माहीत असे. आपल्याकडच्या स्वस्त बॉक्सांत अशी मोकळीक नाही. पण एक गंमत सांगतो. बाजारातल्या बऱ्याच स्वस्त एचडी बॉक्सांत हांगझोऊच्या नॅशनलचिप कंपनीचा जीएक्स६६०५एस हा प्रोसेसर असतो. डिसेंबर २०१८ मध्ये लिनक्सची ४.२० ही आवृत्ती आली, तीत या प्रोसेसरच्या जातीला अधिकृत जागा मिळाली आणि त्याचे नाव आजही त्या मूळ लिखाणात आहे. म्हणजे ज्या खोक्याची माहिती विकणाऱ्याकडे नाही, बनवणाऱ्याने दिली नाही, त्याच्या मेंदूची थोडीफार ओळख जगात कुणालाही उघडपणे वाचता येते. त्याचा आपल्या दुरुस्तीला थेट उपयोग कमी. तरी एखाद्या मुलाने त्या वाटेने जावे असे मनात आहे, म्हणून शेवटच्या प्रकरणात तेवढा भाग घातला.

भाषेबद्दल थोडे. फ्लॅश, डंप, बूट, बोर्ड, ट्यूनर हे शब्द जसेच्या तसे ठेवले आहेत, कारण दुकानात तेच बोलले जातात. त्यांना संस्कृत पर्याय शोधले असते तर पुस्तिका शोभिवंत झाली असती आणि कुणी वाचली नसती. आकडे मात्र प्रत्येक ठिकाणी दिले आहेत. ‘थोडे व्होल्टेज कमी’ असे वाक्य दुरुस्तीत निरर्थक असते.

पहिल्या प्रकरणाला संगणक लागत नाही. मल्टिमीटर, बारीक पेचकस आणि चांगल्या अवस्थेतला १२ व्होल्ट, २ अँपिअरचा अडॉप्टर जवळ ठेवावा. सरावासाठी बॉक्स निवडताना चालू बॉक्स निवडावा, बंद नको. आधी त्याची सगळी व्होल्टेज वहीत उतरवून ठेवावीत, त्याचे सुरू होतानाचे बोलणे साठवून ठेवावे, त्याची चिप दोनदा वाचावी. प्रोग्रॅमरच्या खिडकीत ‘इरेज’ नावाचे बटण असते. पाचव्या प्रकरणापर्यंत त्याला हात लावू नये.

जुळे सोलापूर